स्वयंपाकघरातला कुबट वास नेमका कुठून यायलाय, हे कसं शोधायचं?

मांजराकाठ (लातूर)

फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे, बांधकाम दहा-बारा वर्षांचं. ग्रॅनाइटचा ओटा, खाली ट्रॉल्या, स्टीलचं सिंक. सिंकखालच्या कपाटात पन्हाळी (घड्या-घड्यांची) नळी जमिनीतल्या पाइपात सोडलेली आहे, आणि कपाटाबाहेर फरशीत एक जाळी आहे. वापरायला बोअरचं पाणी. नळाला पाच-सहा दिवसांआड पाणी येतं, ते प्यायला ड्रममध्ये भरून ठेवतो.

उन्हाळा लागल्यापासून स्वयंपाकघरात वास यायलाय. सकाळी दार उघडताना सगळ्यात जास्त. घर दोन दिवस बंद राहिलं तर आणखी वाढतो. दुपारी खिडकी उघडी असली की जाणवतही नाही. एक्झॉस्ट फॅन लावला की कमी होण्याऐवजी वाढतो, हे काही कळत नाही. कधी गटारासारखा वाटतो, कधी नासक्या अंड्यासारखा. शिवाय वरच्या कपाटांजवळ एक वेगळा, खवट वास आहे.

फिनेल, डांबरगोळ्या, लिंबाची सालं, धूप, सगळं करून झालं. दोन तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच. तोडफोड न करता उगम कसा शोधायचा?

फिटर_परभणी

ताई, तुमच्या सगळ्या वर्णनात फॅनची ओळ सगळ्यात कामाची आहे. दारं-खिडक्या बंद असताना फॅन आतली हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा कुठूनतरी आत आली पाहिजे, आणि बंद खोलीत ड्रेनेजचा पाइप ही तिची सोपी वाट होते. खिडकी उघडली की हवा खिडकीतून येते, म्हणून दुपारी वास नाही. बटाटा सडला असता किंवा ट्रॉलीमागे उंदीर मेला असता, तर फॅन लावल्यावर वास कमी झाला असता. तुमच्याकडे तो ओढला जातोय.

तरी आधी पाण्याचा संशय मिटवा. काचेच्या ग्लासात बोअरचं ताजं पाणी घ्या, गच्चीवर नेऊन हुंगा. तिथेही नासक्या अंड्याचा वास आला तर पाण्यातच हायड्रोजन सल्फाइड आहे. खोल बोअरमध्ये हे होतं. गच्चीवर वास नसेल आणि सिंकपाशी येत असेल, तर पाणी निर्दोष, दोष सिंकखाली. फक्त गरम पाण्यालाच वास असेल तर गिझरची टाकी आणि आतली मॅग्नेशियमची कांडी तपासायची.

आता जाळी. ती उचला, आत बॅटरी मारा. पाणी चमकलं पाहिजे. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यात, निदान ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी कायम उभं लागतं. गटाराची हवा अडवणारा पडदा तेवढाच असतो. जुन्या पद्धतीच्या ट्रॅपमध्ये जाळीखाली एक उलटी वाटी असते. तिच्यात भाताची शितं अडकतात, पाणी तुंबतं, म्हणून साफ करणारा ती काढतो आणि परत बसवत नाही. वाटी नसेल तर ट्रॅपमध्ये कितीही पाणी ओता, हवा सरळ वर येते.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार ऊन आणि कोरडी हवा, त्यामुळे न वापरलेल्या जाळीतलं पाणी आटायला फार दिवस लागत नाहीत. त्यात पाण्याची काटकसर. भाजी धुतलेलं पाणी झाडांना, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, म्हणजे जाळीत थेंब जात नाही. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे रोज बादलीभर पाणी जाळीत ओता असं मी सांगणार नाही. आठवड्याला एक तांब्या पुरतो, तोही वापरलेल्या पाण्याचा चालेल. गावाला जाताना तांब्याभर पाणी ओतून वरून दोन मोठे चमचे लिक्विड पॅराफिन सोडा, मेडिकलमध्ये मिळतं. त्याचा तवंग पाण्याची वाफ अडवतो. खायचं तेल नको, ते स्वतःच खवट होतं.

शोधायची पद्धत अशी. दोन लिटर पाणी भरून तोंड बांधलेली जाड प्लास्टिकची पिशवी जाळीवर ठेवा, ती आपोआप पसरून बसते. सिंकच्या तोंडात पिशवीत गुंडाळलेलं ओलं फडकं घट्ट दाबा. सिंकला वरच्या कडेला जादा पाण्याचं भोक असेल तर त्यावर चिकटपट्टी लावा. दारं-खिडक्या लावून फॅन दहा मिनिटं चालवा. वास गेला, तर एकेक अडसर काढून पुन्हा तपासा. जो काढल्यावर वास परततो ती जागा. दोन्ही बंद असूनही वास आला, तर सिंकखालचं कपाट उघडून नळी जमिनीत शिरते तिथे टिश्यूची पातळ पट्टी धरा. ती वर उडत असेल तर हवा तिथून यायली आहे. काही जण उदबत्ती लावून धूर बघतात. सिलिंडर त्याच ओट्याखाली असतो, तेव्हा उदबत्ती नको.

वायरमन_जालना

वरचा सल्ला बरोबर आहे, पण तीन वास असे आहेत की ते आल्यावर चाचण्या करत बसायचं नाही. ताई, तुमच्या वर्णनात ते दिसत नाहीत. पण हा धागा उद्या दुसरं कुणी वाचेल, म्हणून लिहितोय.

पहिला गॅसचा. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळलेलं असतं. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत आणि ट्रॉल्यांच्या तळाशी साचतो. उभं राहिल्यावर नाक ओट्याच्याही बरंच वर असतं, वाकल्यावर वास जास्त येत असेल तर गॅस धरून चला. कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि बाहेरून १९०६ला फोन करा. सिलिंडर संपत आला की उरलेल्या गॅसला वास जास्त येतो हे खरं, पण त्या समजुतीवर गळती सोडून देऊ नका. एरवी, वास येत नसताना, साबणाचा फेस रेग्युलेटरला आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावून बुडबुडे बघा. नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की ती बदलायची, वरून चांगली दिसली तरी.

दुसरा, मासळीसारखा किंवा जळक्या प्लास्टिकसारखा. घरात मासे शिजत नसताना असा वास आला तर स्विचबोर्ड बघा. ६ अँपियरच्या सॉकेटवर मायक्रोवेव्ह किंवा इलेक्ट्रिक शेगडी चालवली, किंवा आतला स्क्रू सैल झाला, की सॉकेट तापतं आणि त्याचं प्लास्टिक असा वास सोडतं. प्लगची पिन पिवळी-तपकिरी पडलेली दिसते. त्या लाइनचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडा, सॉकेट बदला, जड यंत्राला १६ अँपियरचं सॉकेट आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या.

तिसरा मराठवाड्यातल्या घरांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. गहू-ज्वारीच्या कोठीत कीड लागू नये म्हणून सल्फासच्या गोळ्या टाकायची सवय अजून आहे. ते अॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. त्याला लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो, पण वास कमी म्हणजे धोका कमी असं नाही. कोठीच्या खोलीत असा वास आला, कुणाला मळमळ, डोकेदुखी, छातीत आवळल्यासारखं होऊ लागलं, तर सगळ्यांना बाहेर काढा आणि १०८ बोलवा. गोळ्या वेचायला आत जाऊ नका. यावर उतारा नाही. राहत्या घरात ह्या गोळ्या ठेवूच नयेत. धान्य कडक उन्हात वाळवून, गार करून, झाकण घट्ट बसणाऱ्या कोठीत भरलं तर कीड आवरते, आणि लहान लेकरं त्याच भिंतीपलीकडे झोपलेली असतात एवढं तरी मनात ठेवा.

भाकरतुकडा (बीड)

मांजराकाठ ताई, खवट वासाचं मी सांगते. तो गटाराचा नाही, तेलाचा आहे. फोडणीची वाफ वर जाते आणि कपाटाच्या खालच्या कडेवर, दाराच्या मुठींवर, चिमणीच्या आत पातळ थर धरते. आपल्याकडे करडईचं तेल अजून बऱ्याच घरांत आहे. ते हवा लागून लवकर खवट होतं, पातळ थरात तर फारच लवकर. कोरड्या फडक्यानं पुसलं की थर पसरतो, निघत नाही.

एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि एक चमचा भांड्यांचं लिक्विड घाला. हातमोजे घाला, सोडा कातडीला लागतो. ओल्या फडक्यानं लावा, पाच मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्याच्या फडक्यानं दोनदा पुसा आणि पंखा लावून वाळवा. सनमायकावर हे चालतं. प्लायची उघडी कड भिजू देऊ नका, फुगते. चिमणीची जाळी स्टीलची बॅफल (वाकवलेल्या पट्ट्यांची) असेल तर टबमध्ये पाच लिटर कढत पाणी आणि शंभर ग्रॅम धुण्याचा सोडा, त्यात अर्धा तास बुडवा. जाळी अॅल्युमिनियमची असेल तर सोडा अजिबात नको, ती काळी पडते. नुसतं गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड.

एवढं करूनही खवट वास राहिला तर डबे उघडून हुंगा. शेंगदाण्याचं कूट, कारळाची आणि जवसाची चटणी, येसर, उन्हाळ्यात ह्या वस्तू शेगडीच्या वरच्या फळीवर टिकत नाहीत. जवसाची चटणी तर फ्रिजातच ठेवावी. कांदे-बटाटे ट्रॉलीच्या बंद खणात नकोत. एक बटाटा सडला तरी त्याचं पाणी खणाच्या तळाखाली झिरपतं, आणि बटाटा फेकल्यावरही वास तसाच राहतो. खण पूर्ण बाहेर काढून खालची फरशी धुवावी लागते.

पिण्याच्या ड्रमचंही बघा. आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर रिकामा करून ब्रशनं घासा. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर हे प्रमाण आहे, म्हणजे दोनशे लिटरच्या ड्रमला अर्धा ग्रॅम, जेमतेम चिमूट. वाटीभर पाण्यात कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं निवळ तेवढं ओता, तासाभरानं पाणी वापरा. उघड्या पुडीतल्या जुन्या पावडरीत जोर राहत नाही.

फ्रिज सरकवून मागं खाली पाणी साठायचा ट्रे असतो तोही बघून घ्या. तो कुणी कधी धूत नाही.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. चाचण्या केल्या. ग्लासातल्या पाण्याला गच्चीवर वास नाही. जाळीत वाटी आहे आणि पाणीही दिसतं. जाळी आणि सिंक दोन्ही बंद करून फॅन लावला, तरी वास आलाच. कपाट उघडल्यावर भपकारा. टिश्यूची पट्टी नळीच्या बुडाशी वर उडते. जमिनीतला पाइप अडीच-तीन इंची असेल, त्यात नळी नुसतीच सोडलेली आहे, भोवती बोटभर फट. कपाटाचा तळ प्लायचा आहे, तो काळा पडून फुगलाय. सिंक सोडलं की जाळीतून गुळगुळ आवाजही येतो.

फिटर_परभणी

मग वाट सापडली. फट हीच मुख्य, आणि फुगलेल्या प्लायचा कुबट वास त्यात मिसळलाय.

बुजवण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागेल: सिंकचं पाणी जाळीच्या ट्रॅपमध्ये उतरतं, की सरळ बाहेरच्या उभ्या पाइपात? जाळी आणि वाटी काढून बॅटरी धरा, दुसऱ्या कुणाला तरी सिंकमध्ये बादलीभर पाणी एकदम ओतायला सांगा. ट्रॅपमध्ये बाजूच्या तोंडातून पाणी येताना दिसलं तर सिंकला तोच ट्रॅप आहे. अशा वेळी सिंकखाली दुसरा ट्रॅप घालायचा नाही. एकामागे एक दोन ट्रॅप आले की मधली हवा अडकते, पाणी हळू उतरतं आणि गुळगुळ वाढते. पाणी दिसलं नाही तर सिंकखाली ट्रॅप हवाच. तो न घालता नुसती फट बुजवली, तर वास सिंकच्या तोंडातून वर येईल. तुमच्याकडे सिंक बंद करूनही वास आला, त्यावरून फटीतून हवा येते एवढंच सिद्ध होतं, ट्रॅप आहे की नाही ते कळत नाही.

नळी बदलून टाका. पन्हाळीच्या प्रत्येक घडीत तूप, पीठ आणि साबणाचा पांढरा लगदा बसतो आणि तिथेच आंबतो. खाली बादली ठेवा, कपलिंगचा (सिंकच्या तळाला नळी जोडणाऱ्या भागाचा) नट हाताने सोडवा. त्याऐवजी ४० मिलिमीटरचा गुळगुळीत पीव्हीसी पाइप घ्या. ट्रॅप लागणार असेल तर वाकड्या नळीचा पी-ट्रॅप, किंवा खालून वाटी फिरवून उघडणारा बॉटल ट्रॅप. पाइप जमिनीत तीन-चार इंच शिरला की बास. खोलवर खुपसला तर त्याचं टोक पाण्यात बुडतं किंवा वळणाला टेकून अडतं.

फटीसाठी जमिनीतल्या पाइपाचं आतलं माप घ्या. ७५ मिलिमीटर असेल तर ७५ ते ५० चा रिड्युसर (मोठं तोंड लहान करणारा जोड), आणि ५० मध्ये ४० बसवणारी रबरी रिंग. रिंगला आतून-बाहेरून भांड्यांचं लिक्विड लावा, मग फिरवत दाबा. ग्रीस लावू नका, रबर फुगतं. आज रात्रीपुरता उपाय हवा असेल तर जुनं फडकं पिशवीत गुंडाळून फटीत कोंबा. कणीक किंवा माती नको, झुरळं येतात.

बसवून झालं की सिंक काठोकाठ भरा, एकदम सोडा, आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून ओल बघा. ह्याच वेळी गुळगुळ ऐका. आवाज राहिला तर उतरणारं पाणी मागून हवा ओढतंय आणि ट्रॅपमधलं पाणी सोबत नेतंय. गच्चीवर जाऊन ड्रेनेजच्या उभ्या पाइपाचं तोंड बघा. ते उघडं, कठड्याच्या वर आणि जाळीदार टोपीचं असायला हवं. पुष्कळ इमारतींत ते वास येतो म्हणून कुणीतरी बंद केलेलं असतं, आणि मग सगळ्या मजल्यांचे ट्रॅप रिकामे होत राहतात. सोसायटीत हे बोलावं लागेल.

गोदातीर (नांदेड)

फिटरदादांच्या सांगण्यात एकच भर. नळी साफ करताना खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचं सगळीकडे सांगतात. एक आम्ल, एक अल्क. दोन्ही एकमेकांना मारतात, फेस होतो, आणि उरतं खारट पाणी. चिकट चरबीला त्याने काही होत नाही. चरबीला धुण्याचा सोडा लागतो: पाच लिटर गरम पाण्यात शंभर ग्रॅम, सावकाश ओतून अर्धा तास थांबा, मग पुन्हा गरम पाणी. उकळतं पाणी पीव्हीसीत नको, पाइप मऊ पडून जोड वाकतात; उकळत्या पाण्यात जवळजवळ तेवढंच गार पाणी मिसळून वापरा. व्हिनेगर वेगळ्या वेळी, बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार काढायला चांगलं.

बाजारातले दाणेदार ड्रेन क्लीनर म्हणजे कॉस्टिक सोडा. थोड्या पाण्यात ते चरबीसकट दगडासारखे घट्ट बसतात, मग पाइप कापावा लागतो. आणि संडासाचं अॅसिड व ब्लीच एकाच पाइपात एकामागोमाग कधीही ओतू नका. क्लोरीन सुटतो, आणि सिंकवर वाकलेल्या माणसाच्या तोंडावरच येतो.

कपाटाचा फुगलेला तळ वाळवून वास जाणार नाही, बुरशी प्लायच्या थरांत गेलेली असते. काढून टाका. नवा ७१० ग्रेडचा मरीन प्लाय घेतलात तरी पाइपासाठी पाडलेल्या भोकाची कड वार्निशने किंवा सिलिकॉनने बंद करा, पाणी तिथूनच शिरतं. माझं मत विचाराल तर सिंकखाली तळ नकोच. फरशी उघडी राहू द्या, गळती पहिल्याच दिवशी दिसते.

मांजराकाठ (लातूर)

बादलीची चाचणी केली. सिंकचं पाणी जाळीच्या ट्रॅपमध्ये दिसत नाही. म्हणजे ट्रॅप घ्यायचा. गुत्तेदाराचा माणूस म्हणतो, रिंग-बिंग कशाला, पाइप बसवून भोवती व्हाइट सिमेंट भरतो, कायमचं काम होईल. चालेल का?

फिटर_परभणी

नको. प्लास्टिकचा पाइप उन्हाळ्यात आणि गरम पाण्याने लांबतो, गार झाल्यावर आखडतो. सिमेंट त्याच्यासोबत हलत नाही, काही दिवसांत केसाएवढी चीर पडते, आणि वासाला तेवढी पुरते. शिवाय ट्रॅप साफ करायला पाइप वर उचलता आला पाहिजे. सिमेंटमध्ये अडकलेला पाइप फोडूनच निघतो. सिमेंट वापरायचंच तर रिड्युसर आणि फरशीच्या मधल्या खाचेत वापरू द्या, रिड्युसर आणि पाइपाच्या मधे रबरी रिंगच. रिंग थोडी सैल वाटली तर वरून सिलिकॉनची एक बारीक रेघ, पण जागा आधी पूर्ण कोरडी करून. चोवीस तास सिंक वापरू नका, ओल्यावर लावलेलं सिलिकॉन सालीसारखं निघतं. बॉटल ट्रॅपची खालची वाटी महिन्यातून एकदा उघडून धुवा. तिच्या खोबणीतलं काळं वॉशर जपा, ते हरवलं की ट्रॅप ठिबकतो.